कडकनाथ, गावरान अंडे आणि नगरचा सहकार

जिराईत शेती परवडत नाही हे एकदा मान्य केले की शासनकर्त्यांपुढे दोनच मार्ग उरतात. शेतमालाचा भाव, पाण्याचे वाटप आणि जमिनीची मालकी हे प्रश्न हाती घेणे हा पहिला. शेतकऱ्याच्या हातात काहीतरी नवे, चमकदार, ‘जादा पैसा देणारे’ ठेवून त्याला वाटेला लावणे हा दुसरा. पहिला मार्ग हितसंबंधांच्या कुंपणातून जातो, म्हणून दुसराच सातत्याने पत्करला जातो. सफेद मुसळी आली, ससे आले, इमू आला, आणि त्यानंतर कडकनाथ कोंबडी आली. प्रत्येक वेळी सांगण्यात आले की, बाबा रे, तुझे दारिद्र्य व्यवस्थेमुळे नाही, तुझ्यात उद्योजकता नाही म्हणून आहे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतील तरुणाला हे पटते, कारण त्याच्यापुढे दुसरे कोणी काही मांडतच नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या) कार्यकर्त्यांनी या ‘विशेष’ कोंबडीच्या व्यवहाराकडे गंभीरपणे पाहण्याची गरज आहे ती याचसाठी. कोंबडी हा हसण्याचा विषय नाही. भूमिहीनाच्या घरी जी थोडकी मालमत्ता असते, तिच्यात ती मोडते.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ व आसपासच्या भागातील भिल्ल-भिलाला आदिवासींची कोंबडी. पिसे काळी, कातडी काळी, मांसही काळपट. म्हणून तिकडे तिला ‘काली मासी’ म्हणतात. (अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळ्या अंड्याची कथा शहरी ग्राहकासाठी रचलेली आहे.) झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२० मध्ये महेंद्रसिंह धोनी यांनी तेथून दोन हजार पिलांची मागणी नोंदवली तेव्हा वर्तमानपत्रांना आणखी एक बातमी मिळाली. आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या देवाला दिलेली आणि अडीअडचणीला विकलेली कोंबडी अशा रीतीने ‘ब्रँड’ झाली. कोंबडीचा यात काहीच दोष नाही.

दोष आहे तो व्यवहारात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे महारयत अ‍ॅग्रो या कंपनीने शेतकऱ्यांकडून ठेवीच्या रूपाने रकमा घेऊन कडकनाथची पिले दिली, आणि पुढे अंडी व पक्षी चढ्या भावाने आपणच परत विकत घेऊ असा करार केला. अंड्याला पन्नास रुपयांपर्यंतचा भाव सांगितला जात होता. काही काळ पैसे मिळाले. ज्यांना मिळाले ते गावोगाव कंपनीचे बिनपगारी प्रचारक बनले. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर खरेदी थांबली, कार्यालये बंद पडली, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बाहेरच्याही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या दारात शेकडो काळ्या कोंबड्या खाद्य मागत उभ्या राहिल्या. त्या सप्टेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यासमोर सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्या फेकण्यात आल्या. ते दृश्य पाहून अनेकांची करमणूक झाली. ज्याने दागिने मोडून पिले घेतली त्याची झाली नसेल.

या प्रकरणाकडे ‘काही लबाड माणसांनी केलेली फसवणूक’ एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. ही दृष्टी अपुरी आहे. कंपनीचे चालक संत असते तरी हा डोलारा कोसळणारच होता, आणि ते समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, चौथीचे गणित पुरते. एका शेतकऱ्याने दोनशे पिले घेतली आणि त्यांतून शंभर तलंगा वाढल्या असे धरा. कडकनाथ वर्षाला ऐंशीच्या आसपास अंडी देते. म्हणजे आठ हजार अंडी झाली. त्यांतील साठ टक्के उबली तरी चार हजार आठशे पिले. ही पिले दोनशे-दोनशेच्या हिशेबाने खपवायची तर पहिल्या वर्षी चोवीस नवे शेतकरी हवेत. त्या चोविसांसाठी दुसऱ्या वर्षी ५७६, आणि तिसऱ्या वर्षी १३,८२४. म्हणजे एका शेतकऱ्याच्या खुराड्यातून निघालेल्या पिलांना तिसऱ्या वर्षी जिल्ह्यातील गावेही पुरत नाहीत. पन्नास रुपयांचा भाव होता तो खाण्याच्या अंड्याला नव्हता, बियाण्याच्या अंड्याला होता. त्या अंड्याचा गिऱ्हाईक खाणारा नव्हता. पुढचा शेतकरी हाच त्याचा गिऱ्हाईक होता. नवे शेतकरी यायचे थांबले त्या दिवशी ते अंडे पुन्हा नुसते अंडे झाले.

हेच इमूच्या बाबतीत घडले होते. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईच्या इमू कंपनीचा फुगा फुटला आणि उपाशी पक्ष्यांना दाणा घालण्याची पाळी तेथील सरकारवर आली. हा धडा महाराष्ट्राला सात वर्षे अगोदर उपलब्ध होता. कृषी खाते, पशुसंवर्धन खाते, जिल्हा बँका, वृत्तपत्रांच्या शेती पुरवण्या यांपैकी कोणी तो शेतकऱ्यापुढे ठेवला? उलट ‘नोकरी सोडली, कडकनाथने लखपती केले’ या थाटाच्या यशोगाथा छापून येत राहिल्या. अशी यशोगाथा वाचताना कार्यकर्त्यांनी एक गोष्ट तपासावी: या यशस्वी गृहस्थाची मिळकत अंडी विकून झाली, की पिले आणि ‘प्रशिक्षण शिबिरे’ विकून?

बियाण्याचा बाजार सोडून केवळ खाण्याच्या अंड्याचा विचार केला तर काय दिसते? पिंजऱ्यातील व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी दिवसाला साधारण एकशे दहा ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेवर अंडी देते. अंड्यामागे खर्च सव्वाशे-दीडशे ग्रॅम खाद्याचा. कडकनाथ ऐंशी ग्रॅम खाते असे धरले तरी वर्षाला एकोणतीस किलो होतात आणि अंडी ऐंशी. म्हणजे अंड्यामागे साडेतीनशे ग्रॅमवर. शेडमध्ये विकतच्या मका-सोयाबीनवर ती पाळली तर तिचे अंडे नुसत्या खाद्यातच पावणेतीन पट महाग पडते. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने आली, आसवन्या मक्याकडे वळल्या आणि कोंबडीच्या तोंडचा मका मोटारीच्या टाकीत जाऊ लागला. हा भुर्दंड भरून काढायचा तर शहरातला श्रीमंत ग्राहकच हवा. आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट व्यापाऱ्याच्या दुकानातून जाते. तो ग्राहकही फसतो तो निराळाच. कवचाचा तपकिरी रंग हा कोंबडीच्या जातीचा गुण आहे, पौष्टिकतेचा नव्हे. पण तपकिरी अंडे म्हणजे गावरान अशी समजूत असल्याने संकरित कोंबडीची अंडी, प्रसंगी चहाच्या पाण्यात रंगवलेलीही, ‘गावरान’ म्हणून सर्रास खपवली जातात. आणि खरी गावरान अंडी घेऊन आठवडी बाजारात बसलेली बाई घासाघीस सोसत राहते.

या बाईकडे पाहिल्यावर मात्र हिशेब उलटतो. तिच्या दहा-बारा कोंबड्या उकिरड्यावर, खळ्यावर, बांधावर चरतात. सांडलेले धान्य, किडे, खरकटे यांवर जगतात. खाद्याचा खर्च जवळजवळ शून्य, खुराडे म्हणजे एक डालगे. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची. उबवणी यंत्राचे बिल नाही. ऊसतोडीला निघालेल्या पाथर्डीच्या बिऱ्हाडाबरोबर गाडीत कोंबड्याही निघतात. कारखान्याच्या शेडला कोणी तशी नेलेले ऐकिवात नाही. गावरान कोंबडी दहाला परवडते, हजाराला परवडत नाही. कारण तिचा नफा दोन गोष्टींतून येतो: गावातल्या वाया जाणाऱ्या दाण्यातून, आणि घरच्या बाईच्या ज्या श्रमाला कोणी मजुरी देत नाही त्यातून. दाणा दहापट होत नाही, आणि श्रम दहापट केले तर त्याची मजुरी मागावी लागते. ‘गावरान’ हे नाव घेऊन मोठा धंदा उभारू पाहणारे याच दोन गोष्टी विसरतात, किंवा शेतकऱ्याला विसरायला लावतात.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदके होती आणि त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातली. आधीच्या गणनेपेक्षा परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे हा ‘मागास’ व्यवसाय मरत नाही, गरिबांच्या घरी तो वाढतो आहे. या बाईला काय हवे? तिला कडकनाथ नको, तिला मानमोडीची लस हवी. मानमोडी आली की दोन दिवसांत आळीतली खुराडी रिकामी होतात. गरिबाच्या कोंबड्यांचा खरा शत्रू तो. लस स्वस्त आहे, पण ती मिळते शंभर, पाचशे, हजार मात्रांच्या कुपीत. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने हजार मात्रांची कुपी काय करावी? पण गावच्या पन्नास बायकांनी एक दिवस ठरवून कोंबड्या एकत्र आणल्या तर तीच कुपी सगळ्यांना पुरते. येथे कमतरता भांडवलाची नाही, संघटनेची आहे.

आणि संघटना कशाला म्हणतात हे नगर जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नसावी! १९५० साली लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. व्यापाऱ्याच्या पकडीतून उत्पादकाला सोडवण्याचे ते मोठे पाऊल होते, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा समाजवाद्यांनी करू नये. परंतु त्या सहकाराचा उत्पादक-सभासद ठरला उसावरून, म्हणजे जमिनीवरून आणि पाटाच्या पाण्यावरून. ज्याच्याकडे ऊस नाही तो कारखान्यात मजूर म्हणून आला, तोडणीला आला. मालक म्हणून आला नाही. दुधाच्या संस्थांनी ही चौकट काहीशी सैल केली. कोंबडीपर्यंत ती पोहोचलीच नाही. कारण कोंबडीवाली बाई कोणत्याही संचालक मंडळाच्या निवडणुकीत मोजली जात नाही.

मोठे उत्पादक मात्र संघटित झाले. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि दलालांनी ठरवलेला भाव झुगारून उत्पादकांनी आपला भाव जाहीर करायला सुरुवात केली. हजारो पक्ष्यांच्या मालकांना जे साधले ते दहा पक्ष्यांच्या मालकिणींना साधणार नाही असा निसर्गनियम नाही. मध्य प्रदेशातील केसला येथे आदिवासी स्त्रियांच्या कुक्कुट सहकारी संस्थेने ते करून दाखवले आहे. तेथे प्रत्येकीकडे काहीशे पक्ष्यांचे लहान शेड. पिले, खाद्य, लस आणि विक्री हे सगळे संस्थेकडे. बाजारभाव पडला तर तो फटका सभासद बाईवर थेट येत नाही, संस्था तो झेलते. बाईला तिच्या पालनाच्या कौशल्यावर मोबदला मिळतो. खासगी कंपन्यांच्या करारावर मांसल कोंबड्या वाढवणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती याच्या शेजारी ठेवून पाहावी. शेड त्याचे, शेडचे कर्ज त्याचे, वीज, पाणी व रात्रीचे जागरण त्याचे. पिले, खाद्य, वजन आणि भाव मात्र कंपनीचे. केसल्याच्या कोंबड्या गावरान नाहीत, मांसल आहेत, हे खरे. पण येथे घेण्यासारखी आहे ती कोंबडीची जात नव्हे, मालकीची रीत.

शासन काय करते? २०२१-२२ पासूनच्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या नावाने किमान एक हजार मातृपक्ष्यांच्या केंद्राला निम्म्या भांडवलाचे, कमाल पंचवीस लाखांचे अनुदान आहे. ज्याला उरलेले निम्मे बँकेकडून उभे करता येते त्यालाच ते मिळणार. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा दिला आणि वीजदराच्या सवलतीसाठी पंचवीस हजार मांसल वा पन्नास हजार अंड्यांच्या पक्ष्यांपर्यंतचे फार्म पात्र ठरवले. पन्नास हजार कोंबड्यांचा धनी आणि दोनशे कोंबड्यांचा शेतकरी एकाच रांगेत! डालग्याला तर विजेचे बिलच येत नाही, तेव्हा तिच्या पदरात काय पडले हे विचारण्यातही अर्थ नाही.

याच वर्षाच्या आरंभी दुसरा निर्णय झाला. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे (न खाणाऱ्यास केळे) देण्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरले होते. जानेवारी २०२५ च्या शासननिर्णयाने त्यासाठीचा निधी काढून घेण्यात आला. अंडे द्यायचेच असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी असे सांगण्यात आले. खर्च वाचला तो वर्षाला सुमारे पन्नास कोटींचा. लहान उत्पादकाला जी गोष्ट कोणतीही कडकनाथ कंपनी खरेपणाने देऊ शकत नव्हती, ती म्हणजे ठरलेला गिऱ्हाईक आणि ठरलेला भाव, ती देण्याची संधी शासनाच्या हातात होती. गावची अंडी गावच्या शाळेत: यात मुलांच्या पोटात प्रथिने जातात आणि आयांच्या हातात रोख पैसा येतो. शासनाने मुलाचे अंडे काढले आणि आईचा बाजारही.

तरीही एक जागा शिल्लक आहे. अकोले तालुक्याच्या आदिवासी गावांतील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली मुलांना अंडी देण्याची तरतूद आहे. त्या अंगणवाड्यांना अंडी कोठून येतात, कोणत्या दराने येतात, त्यांत तालुक्याबाहेरच्या पुरवठ्याचे प्रमाण किती, ही माहिती राजूरच्या प्रकल्प कार्यालयाकडे आणि बालविकास खात्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. तालुका शाखेने ती मागावी, आणि उत्तर येईपर्यंत पाच-सहा गावांतल्या बायकांची कोंबड्यांसह यादी करावी. संस्थेच्या पोटनियमांत सभासदत्वाची अट सातबारा ही नसावी. घरी पाच कोंबड्या असणे एवढीच असावी. नोंदणीचा अर्ज सहायक निबंधकाच्या टेबलावर पडला की अडचणी सुरू होतील, जिल्ह्यातील पुढाऱ्यांना एकाएकी कोंबडीवाल्या बायकांचा कळवळा येईल, एखादी तयार संस्थाही त्यांच्या खिशातून निघेल. तेव्हा यादीतली नावे कोणाच्या हाती आहेत, यावर पुष्कळ अवलंबून राहील.