चोर सोडून संन्याशाला फाशी

संगणक अडकला की आपण कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतो. तिथल्या 'डिटेल्स' यादीत एकच नाव अनेकदा दिसते. 'एसव्हीसीहोस्ट' तर ओळीने सापडतो. यांतला नेमका कोणता, हे विंडोज नावावरून नव्हे तर क्रमांकावरून ओळखते. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, असा एक क्रमांक मिळतो. त्याला पीआयडी म्हणतात. 'सिस्टिम' या प्रोसेसचा क्रमांक एक्सपीपासून ४ आहे.

मात्र हा क्रमांक जन्मभराचा नसतो, तो बँकेतल्या टोकनासारखा असतो. काम संपले की टोकन परत जाते आणि पुढे दुसऱ्याच्या हाती पडते. प्रोसेस संपल्यावर तिचा क्रमांकही विंडोज नव्या प्रोसेसला देऊ शकते.

प्रोग्रामिंग शिकणारी मुले इथेच फसतात. सकाळी क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी 'टास्ककिल'ने तोच बंद करायचा. मधल्या वेळात तो क्रमांक हिशेबाच्या प्रोग्रामकडे गेला असेल तर? त्यातून 'एफ' हा सक्तीचा पर्याय दिला असेल, तर 'सेव्ह करू का?' असे विचारायलाही सवड मिळत नाही. दिवसभराच्या नोंदी गेल्याच म्हणून समजा!

उपाय अवघड नाही. आपणच 'क्रिएटप्रोसेस'ने प्रोग्राम सुरू केला असेल, तर क्रमांकासोबत हँडलही मिळते. तेच सांभाळून ठेवावे. हँडल हाती आहे तोवर प्रोसेस संपली तरी तिचा क्रमांक दुसऱ्याला जात नाही. दुसऱ्याने सुरू केलेली प्रोसेस असेल, तर आधी 'ओपनप्रोसेस'ने हँडल घ्यावे. मग नाव तपासावे आणि 'गेटप्रोसेसटाइम्स'ने सुरू झाल्याची वेळ पाहावी. दोन्ही आपल्या नोंदीशी जुळली, तरच त्याच हँडलने पुढची कारवाई करावी. काम झाल्यावर 'क्लोजहँडल' विसरू नये.

प्रोग्रामिंग न करणाऱ्यांनीही एवढे करावे: 'टास्ककिल' देण्याआधी 'टास्कलिस्ट'मध्ये क्रमांकासमोरचे नाव त्याच क्षणी वाचावे आणि पहिल्या खेपेला 'एफ' लावू नये. अर्धा मिनिट जास्त जाईल, पण चोर सोडून संन्याशाला फाशी होणार नाही.