जोते विसरलेली घरे

भोकरदनला घर विकत घेतल्यानंतरचा पहिलाच पावसाळा, आणि आमच्या गॅरेजात घोटाभर पाणी उभे राहिले. खोक्यांत बांधून ठेवलेल्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांचा लगदा झाला. घर बांधून विकणाऱ्या गृहस्थांकडे तक्रार नेली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, आपल्या मराठवाड्यात पाऊस पडतोच किती?" आमचे भांडण या वाक्याशी आहे, आणि ते त्यांच्या एकट्याशी नाही.

कारण हे वाक्य त्यांना आपणच पुरविले आहे. 1972 च्या दुष्काळापासून मराठवाडा म्हटला की भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर आणि पुढे टँकर. कवितेत तेच, कथेत तेच, वर्गात शिकविताना आमच्या तोंडीही तेच. ते दुःख खरे होते, आहे. परंतु प्रतिमा एकदा गोठली की पाहणे थांबते. घर पाहताना बोअरला पाणी किती, नळ किती दिवसांआड, हे सारे आम्ही विचारले. पडलेले पाणी जाते कोठे, हे विचारावे असे मात्र सुचले नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यातली शेते पाण्याखाली गेलेली पाहूनही सुचले नाही!

ज्या काळ्या मातीवर आपण इतके लिहितो तिचा स्वभाव तरी ध्यानात घ्यावा. ती वाळली की आकसते, भिजली की फुगते. दुष्काळाच्या छायाचित्रातली भेग तिचीच, आणि फुगल्यावर पाणी खाली झिरपू न देणारा थरही तिचाच. ते अडलेले पाणी गॅरेजच्या फरशीच्या सांध्यांतून वर येते. भिंतीला लोणा लागतो.

जुन्या घरांना जोते असे. पायऱ्या चढून ओसरीवर यावे लागे, आणि अंगणाचा उतार घरापासून दूर जाई. आता गाडी आत यावी म्हणून गॅरेजपुरते जोते कापतात. रस्ता मात्र जुना थर न खरवडता प्रत्येक डांबरीकरणात उंच होत जातो. घर जागचे हलत नाही, तरी ते दर काही वर्षांनी थोडे खाली जाते. गाडीला पायऱ्या कशा चालतील, असे कोणी विचारील. पायऱ्या नकोतच. शटरसमोर एक उंचवटा, त्याच्या बाहेर जाळी टाकलेली आडवी नाली आणि गच्चीचे पन्हळ दुसऱ्या बाजूस, एवढे पुरते. आम्हांस सुचविलेला उपाय निराळाच होता: आतून वॉटरप्रूफ रंग. पाणी भिंतीच्या मागून रेटत असता आतला रंग पापुद्र्यांनी सुटणार. मुद्रिते तपासून कादंबरी सुधारण्यासारखेच हे!

2016 च्या स्थावर संपदा कायद्यात, ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील दोष कळविल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद आहे. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही, आणि तालुक्याच्या गावी प्रकल्प बहुधा एवढेच असतात. त्याहून जुना 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे, असे त्याचे कलम 55 म्हणते. "तुम्ही घर पाहूनच घेतले ना?" असे आम्हांस ऐकविण्यात आले. पाहिले होते, मार्चमध्ये. त्या कोरड्या फरशीवर जुलैचे पाणी कोणत्या साधारण काळजीने दिसले असते, हे त्यांनी सांगावे.