न वाचता केलेली सही



हा अंक तुमच्या हाती जवळजवळ महिनाभर उशिरा पडतो आहे, त्याबद्दल आधी माफी मागते. कारण अगदी घरगुती आहे, आणि म्हणूनच ते इथे मांडावंसं वाटलं. अंकाचा मजकूर ज्यावर होता, तो माझ्या घरचा संगणक रुसून बसला.

सुरुवात तारखेपासून झाली. बटण दाबलं की संगणक थेट कित्येक वर्षं मागच्या १ जानेवारीला जाऊन उभा राहायचा. इंटरनेटवर काही उघडायला जावं तर ‘सुरक्षित नाही’ म्हणून दार बंद. मग एके दिवशी पडदा काळाच राहिला आणि डब्यातून नुसत्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. बंद करून पुन्हा लावला की कधी चालायचा, कधी नाही. पुढच्या खेपेला तरी चालेल या आशेवर मी अख्ख्या संध्याकाळी घालवल्या. पूर्ण बिघडलेली वस्तू माणूस निदान बाजूला ठेवतो. अधूनमधून चालणारी वस्तू जास्त छळते.

शेवटी दुरुस्तीवाला मुलगा आला. संगणक माझा, त्यावर काम मी करते, घरात दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. तरी तो माझ्या नवऱ्याशीच बोलत होता. ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल.’ नवरा म्हणाला, ‘मला काय विचारतोस? तिचा आहे तो.’ तेव्हा कुठे तो माझ्याकडे वळला. ‘काकू, तुम्ही काही भलतंच दाबलंत का?’

मी विचारलं, माझ्या फायली राहतील ना? ‘डी ड्राइव्हमधलं काही जात नाही, काकू. डबा दोन दिवस दुकानात ठेवा, करून देतो.’ माझं सगळं काम डेस्कटॉपवर होतं. डेस्कटॉप बहुतेक संगणकांत सी ड्राइव्हमध्येच असतो आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

‘बरं, घेऊन जा’ हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात आठवलं, त्या डब्यात आपल्या केंद्रात आलेल्या बायकांच्या हकिकती आहेत. नावं, माहेरचे पत्ते, दवाखान्याचे कागद, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली करायच्या अर्जांचे मसुदे. ‘ताई, हे कुणाला कळणार नाही ना?’ असं विचारून त्या बोलल्या होत्या. आमचं गाव लहान. दुकानाच्या बाकावर कुणाचा दीर, कुणाचा मावसभाऊ बसलेला असतो. मी डबा दिला नाही.

नंतर कळलं ते आणखी धक्कादायक होतं. झटपट फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस तो परत काढू शकतो. म्हणजे आपल्या हातून माहिती गेली, तरी दुसऱ्याच्या हाती ती लागणारच नाही याची खात्री नाही.

मग आमच्या गटातल्या एका तरुण कार्यकर्तीला बोलावलं. तिलाही सगळं येत होतं असं नाही. पण तिने आधी शिट्ट्या मोजल्या. प्रत्येक कंपनीच्या बोर्डाची शिट्ट्यांची भाषा वेगळी असते. आमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत त्यांचा अर्थ ‘मेमरी’ असा निघाला. वायर काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पत्र्याला हात लावला, डबा उघडला. आत धुळीची गोधडीच होती. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसल्या आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवली. तारखेचा घोळ बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा होता. ती संपली की संगणकाचं घड्याळ मागे जातं. सुरक्षित संकेतस्थळांच्या दाखल्यांना मुदत असते, आणि यंत्राची तारीख त्या मुदतीत बसत नसली की ब्राउझर अडवतो. नवी बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळाली. फॉरमॅटची गरजच नव्हती.

त्या मुलाला मी दोष देत नाही. दोष शोधत बसायला त्याला वेळ परवडत नाही. फॉरमॅट हा त्याचा ठरलेला, पैसे मिळणारा उपाय. प्रश्न माझा आहे. ‘वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नकोस’ असं मी बायकांना वर्षानुवर्षं सांगत आले. आणि त्यांच्याच हकिकतींच्या बाबतीत मी न वाचता सही करायला निघाले होते.

‘आपल्याला यातलं कळत नाही’ हे आपण कुठून शिकलो? आपल्या आयांनी शिवणयंत्राचा पट्टा बदलला, स्टोव्हला पिन मारली, कुकरची रिंग बसवली. त्याला तांत्रिक ज्ञान कुणी म्हटलं नाही. अमेरिकेत १९४६ साली जगासमोर आलेल्या ‘एनिॲक’ या संगणकावर सहा बायका काम करत होत्या : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत प्रवेशही नव्हता. आराखडे वाचून त्या यंत्र शिकल्या. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूबांच्या त्या धुडात बिघाड नेमका कुठे आहे, हे त्या शोधून काढत. फेब्रुवारीत यंत्राचं प्रात्यक्षिक गाजलं. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र त्यांना नव्हतं.

प्रत्येकीने मेकॅनिक व्हावं असं मी म्हणत नाही. माझा प्रिंटर अजूनही बंद आहे, आणि त्यापुढे मी तूर्त हात टेकले आहेत! पण प्रत्येक गटात दोघींना तरी एवढं यायला हवं. आमच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या : हकिकतींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, पासवर्डसह, कुलपाच्या कपाटात राहील, संगणक दुरुस्तीला गेलाच तर त्याची हार्ड डिस्क आधी काढून घेतली जाईल, आणि दुरुस्ती घरी किंवा केंद्रात होत असेल तेव्हा आपल्यापैकी एक जण शेजारी उभी राहून ‘का?’ विचारेल.

पुढच्या महिन्यात केंद्रात एक जुना डबा टेबलावर उघडून बसणार आहोत. येताना खोडरबर आणा. तुमच्या गटात ही कागदपत्रं कशी सांभाळता, तेही जरूर लिहून कळवा.

तुमची,
संपादक