अमरावती-अकोल्याची आजची लोकसंख्या नेमकी किती?

‘अकोल्याची लोकसंख्या २०२५’ असं सर्च केलं, की लगेच एक आकडा येतो. पण तो मोजलेला नाही, अंदाज आहे.

घरोघरी जाऊन शेवटची मोजणी झाली २०११ मध्ये. तेव्हा अमरावती जिल्ह्यात २८,८८,४४५ आणि अकोला जिल्ह्यात १८,१३,९०६ लोक होते. त्याआधीच्या दहा वर्षांतला वाढीचा वेग पुढे धरून अनेकदा नवे आकडे काढतात. त्यानंतर कामासाठी पुण्या-मुंबईला किती जण गेले, हे त्यात दिसत नाही. अकोला शहराची तर २०१६ मध्ये हद्दही वाढली.

फरक कुठे पडतो? रेशनवर. लाभार्थ्यांची मर्यादा आजही २०११ च्या लोकसंख्येवरच ठरलेली आहे. नंतर वाढलेली माणसं त्या हिशेबात नाहीत. म्हणून २०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात आले, की घरातल्या प्रत्येकाची नोंद करून घ्या.