कच्छच्या खडकांतील मत्स्यसरट

आपल्या देवघरात शालिग्राम असेल, तर तो एकदा निरखून पाहावा. गंडकी नदीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या शिळेत पुष्कळदा चक्राकार वळसे दिसतात. ती खूण अमोनाइट नावाच्या शंखधारी सागरी प्राण्याची होय. तो प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाला. पाषाणात त्याचा आकार तेवढा उरला. अशा अमोनाइटांच्या काळी समुद्रांत एक बलाढ्य शिकारीही वावरत असे. त्याचे नाव इक्थिओसॉर. या ग्रीक नावाचा अर्थ मत्स्यसरट, म्हणजे माशासारखा सरडा.

नाव अन्वर्थक आहे. शरीर माशासारखे निमुळते, शेपटीचा पर उभा आणि पाय वल्ह्यांसारखे. तथापि तो मासा नव्हता. त्याला कल्ले नव्हते, फुप्फुसे होती. म्हणून श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागे. मादी अंडी घालण्यास किनाऱ्यावर येत नसे. ती पाण्यातच जिवंत पिलांना जन्म देई. पोटात गर्भ असलेले सांगाडे जर्मनीत सापडले असल्याने याविषयी शंका उरलेली नाही. डायनोसॉरांची कीर्ती घरोघर पोहोचली. त्यांच्या या समकालीनाची ओळख मात्र थोड्यांनाच आहे.

भारतात १८७९ साली लायडेकर या शास्त्रज्ञांनी त्रिचनापल्ली भागात मिळालेल्या मणक्यांवरून एका मत्स्यसरटाचे वर्णन केले होते. परंतु सुट्या मणक्यांवरून कितीसे कळणार? पुढे २०१७ साली दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांचे भारतीय व जर्मन सहकारी यांनी कच्छमधील लोडाई गावाजवळ सापडलेल्या सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. डोक्याचा व शेपटीचा काही भाग सोडल्यास तो जवळजवळ पूर्ण आहे. प्राण्याची लांबी सुमारे साडेपाच मीटर आणि काळ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. जुरासिक काळातील मत्स्यसरटाचा भारतात मिळालेला हा पहिलाच पुरावा होय.

आज पाण्याच्या थेंबाथेंबाचे मोल जाणणारा तो प्रदेश तेव्हा समुद्राखाली होता. त्याच खडकांत अमोनाइट आणि माकुलासारख्या बेलेम्नाइट या प्राण्यांचे अवशेष मिळाले; त्यांवरून काळ ठरविता आला. सांगाड्याचे दात झिजलेले होते. त्यावरून तो कठीण कवचाचे भक्ष्य फोडून खात असावा, असा तर्क निघाला. शिकारी, त्याचे अन्न आणि त्याचा काळ या तिन्हींची साक्ष एकाच ठिकाणी मिळाली, ती सारे जागच्या जागी राहिले म्हणूनच.

तेव्हा वाचकहो, प्रवासात किंवा विहीर खणताना दगडात हाडासारखे काही आढळले, तर ते उकरून घरी आणण्याचा मोह आवरावा. छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास कळवावे. जागचा हललेला अवशेष कपाटाची शोभा वाढवील; पण आपली हकिकत तो सांगू शकणार नाही.