गुणतालिकेत नसलेला रकाना

टोरंटोतील डाव भारतीय वेळेनुसार मध्यरात्री सुरू होत. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये ‘कँडिडेट्स’ बुद्धिबळ स्पर्धेची गुणतालिका सकाळच्या चहाआधी पाहायची, असा अनेकांचा परिपाठ झाला होता. आठ खेळाडू, चौदा फेऱ्या आणि जगज्जेत्याला आव्हान देण्याचा मान एकालाच. सातव्या फेरीत अलिरेझा फिरोझाकडून पराभूत झालेला डी. गुकेश चार गुणांवर होता. साडेचार गुणांसह इयान नेपोम्नियाशी आघाडीवर. उरलेल्या सात फेऱ्यांत गुकेशने पाच गुण मिळवले. अखेरच्या दिवशी हिकारू नाकामुराशी त्याची बरोबरी झाली, तरी निकाल लागला नव्हता. फॅबियानो कारुआना व नेपोम्नियाशी यांचा डाव १०९ चालींनंतर बरोबरीत सुटला, तेव्हा कुठे सतरा वर्षांचा हा मुलगा नऊ गुणांसह पहिला ठरला.

या तालिकेत तीन नावांपुढे तिरंगा होता; महिलांच्या तालिकेत आणखी दोन. त्यावरून भारतीय बुद्धिबळाच्या नव्या युगाची भाषा सुरू झाली आणि ती चुकीची नव्हती. मात्र तालिकेत देशाचा रकाना असतो, राज्याचा नसतो. तो असता तर गुकेश, आर. प्रज्ञानंद आणि आर. वैशाली या तिघांपुढे एकाच राज्याचे, किंबहुना चेन्नई या एकाच शहराचे नाव दिसले असते.

हा निव्वळ योगायोग नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये तामिळनाडूच्या क्रीडा विकास प्राधिकरणाने चेन्नईत अल्पावधीत एक तगडी स्पर्धा भरवली. ‘फिडे’ या जागतिक संघटनेच्या वर्षभराच्या सर्किट-गुणांवर मिळणारी कँडिडेट्सची जागा तेव्हा अनिर्णित होती. गुकेशने टायब्रेकवर ती स्पर्धा जिंकली आणि त्याचा टोरंटोचा मार्ग मोकळा झाला. आपल्या खेळाडूंना गुण मिळावेत म्हणूनच हा घाट घातला, अशी टीका झाली. ती अगदीच निराधार नव्हती. पण नियमांत बसणारे काम वेळेवर करणारी सरकारी यंत्रणा आपल्याकडे इतकी दुर्मीळ आहे, की या घाईचे कौतुकच करावेसे वाटते.

इतरत्र सरकारे बहुधा निकालानंतर जागी होतात. मग शाल, श्रीफळ, धनादेश. तोवरचा भार कुटुंबावर असतो. गुकेशच्या वडिलांनी मुलासोबत फिरता यावे म्हणून कान-नाक-घसातज्ज्ञ म्हणून चालणारा आपला व्यवसाय बाजूला ठेवला होता. हे किती घरांना परवडेल? नाशिकच्या विदित गुजराथीने टोरंटोत नाकामुराला दोन्ही डावांत हरवले, पण तालिकेत तो सहावा आला, आणि बक्षिसांच्या योजना सहाव्या क्रमांकाला सहसा ओळखत नाहीत. वैशाली तर सलग चार डाव हरून नऊ फेऱ्यांअखेर तळाशी होती. पुढचे पाचही डाव तिने जिंकले. त्या नवव्या फेरीनंतर एखाद्या अनुदान समितीची बैठक झाली असती, तर तिचे काय झाले असते?

महाराष्ट्रालाही हे अशक्य नाही. विजेत्यांसाठी राखलेल्या रकमेचा काही भाग दरवर्षी एका दर्जेदार निमंत्रितांच्या स्पर्धेवर खर्च करावा आणि तिच्या तारखा मंत्र्यांच्या सवडीने नव्हे, तर फिडेच्या पात्रतेचे वेळापत्रक पाहून ठरवाव्यात.