डबी

मैत्रिणींनो,

गेल्या आखाजीनंतर जळगावच्या आमच्या सल्ला केंद्रात एक तरुण बाई आली. सासर धुळ्याकडचं. सणाला लेकराला घेऊन माहेरी आली, ती परत न्यायला कुणी आलंच नाही. निरोप तेवढा आला: "येडी पोरगी आमच्या गळ्यात मारली. लेकरू पाठवून द्या." कारण काय, तर तिच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली, जीव नकोसा झाला, म्हणून डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी ती सावरली. घरकाम, कापूस वेचणी, सगळं करू लागली. आजारी होती तेव्हा तिला कुणी घराबाहेर काढलं नाही. बरी झाली आणि पाकीट सापडलं, तेव्हा काढलं.

आम्ही सवयीने म्हणालो, "ती वेडी नाही, तिला काहीही झालेलं नाही." अर्जातही तसंच लिहायला घेतलं. ती म्हणाली, "ताई, मले काही झालं नव्हतं असं नका लिहू. झालं होतं ना. गोळ्या खाऊनच उभी आहे मी."

माझा हात थांबला. कारण माझ्याही पर्समध्ये एक डबी असते. नऊ वर्षं मी लिथियम घेते आहे. या पानावर हे पहिल्यांदाच लिहिते. संघटनेतल्या दोघी-तिघींना ठाऊक होतं. एकदा बैठकीत हिशेबावरून माझा आवाज चढला, तर एक मैत्रीण म्हणाली, "आज गोळी घेतली नाहीस का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. हिशेबाचा मुद्दा तिथेच राहिला. आपल्या रागाला कुणी पुरुष 'पाळी आली असेल' म्हणाला, तर आपण त्याला सोडू का?

आपली भीती कुठून आली, हे मला कळतं. बाईला वेडी ठरवून तिची जमीन, तिची मुलं, तिचं घर काढून घेतल्याच्या केसेस आपण वर्षानुवर्षं पाहतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. समोरचा वकील औषधाची चिठ्ठी नाचवतो, म्हणून आपण ती लपवायला शिकलो. पण लपवताना आपणही एक रेघ ओढली. अलीकडे 'शहाण्या, अन्याय झालेल्या' बायका आणि पलीकडे गोळ्या घेणाऱ्या. अन्याय त्यांच्यावरही होतो, त्यांची बाजू कुणी मांडायची?

खरं तर लपवायची गरज कायद्याने कमी केली आहे. नुसतं स्किझोफ्रेनियाचं नाव लावून घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी पुढे जातो. आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी विकल मनाचं ठरत नाही, ते न्यायालयालाच ठरवावं लागतं. आजाराची माहिती गुप्त राहावी हा रुग्णाचा हक्क आहे. उपचारासाठी आई रुग्णालयात राहिली, तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडता येत नाही. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

याचा अर्थ गोळ्यांवर प्रश्न विचारायचे नाहीत, असा नाही. काही औषधांनी पाळी थांबते आणि घरचे तिला वांझ म्हणू लागतात. काहींनी वजन वाढतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, आणि ती 'आळशी' ठरते. व्हॅलप्रोएटमुळे पोटातल्या बाळाला धोका असतो, हे तिला आधी सांगायलाच हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, तर लिथियम रक्तात साचून विषारी ठरू शकतं, हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. चहातून नकळत गोळी देणं हाही अन्यायच. पण हे प्रश्न गोळी घेणारीने विचारायचे आहेत. तिला शेजारणीने "सोडून दे ती गोळी" म्हणायचं नाही, की सासूने डबी उकिरड्यावर फेकायची नाही. अशी गोळी अचानक तोडली तर त्रास उलटू शकतो.

पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालये. खानदेशात यांपैकी एकही नाही. पण या विषयावर मोठं काम उभं करणारा माणूस आपल्याच मातीतला. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, तो त्यांनी लपवला नाही. पुण्यात १९९७ मध्ये 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्या पाठबळाने झाला. त्यात भाऊ आजारी आहे आणि बहीण त्याला सांभाळते. आपल्या गावात बहीण आजारी असेल तर सांभाळणारा भाऊ किती घरांत दिसतो?

त्या बाईचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. 'मला आजार झाला. मी उपचार घेतले, घेत आहे. या कारणाने मला घराबाहेर काढलं.' केस चालू आहे. लेकरू तिच्याजवळ आहे. समोरचा वकील डबी दाखवील, तेव्हा ती आमचीही असेल.

शिबिरांना येताना बायका रक्तदाबाची गोळी सगळ्यांसमोर घेतात, पाणी मागतात. मी माझी गोळी न्हाणीघरात जाऊन घ्यायची. पुढच्या शिबिरात पंगतीत बसून घेणार आहे. तुमच्यापैकी कुणाला सोबत यायचं असेल तर या. यायचं नसेल, नाव सांगायचं नसेल, तर नावाशिवाय लिहा. पुढचा अंक आम्ही या पत्रांसाठी ठेवत आहोत. आणि आज रात्रीच कुणाला बोलावंसं वाटलं, तर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत ऐकून घेते.

तुमची,
संपादक मंडळातली एक